टोकियोत स्थानिक यजमानासोबत एक दिवस: आधी काय ठरवावं, ऐनवेळी काय सांभाळावं

टोकियो तिथल्याच माणसाच्या सोबतीनं बघायचं असेल, तर निम्मं काम मुंबईचं विमान पकडण्याआधी करावं लागतं. ‘तिथे भेटल्यावर बोलून ठरवू’ हा सल्ला सर्रास दिला जातो. दुसरीकडे कुठे तो चालत असेल, टोकियोत चालत नाही. जपानी यजमान पाहुण्याच्या तोंडावर सहसा ‘नाही’ म्हणत नाही आणि पाहुण्याला काय हवंय हे खोदून विचारणंही त्याला प्रशस्त वाटत नाही. तुम्ही लिहून कळवलेलं तो चोख पार पाडतो. न कळवलेलं तो अंदाजानं करतो, आणि अंदाज चुकला की दोघंही दिवसभर अवघडून फिरतात.

यजमान मिळवणं

जपानभर ‘गुडविल गाइड’ नावाचे स्वयंसेवकांचे गट आहेत. जपानच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेच्या संकेतस्थळावरून त्यांचा पत्ता लागतो. त्यात निवृत्त माणसं, गृहिणी, इंग्रजीचा सराव करू पाहणारे विद्यार्थी असतात. फिरवण्याची फी नसते, मात्र त्यांचा प्रवासखर्च, प्रवेशतिकीट आणि दुपारचं जेवण पाहुण्यानं करायचं असतं. दुसरा मार्ग पैसे घेणाऱ्या यजमानांचा. पूर्वी जपानात परवाना नसताना पैसे घेऊन परदेशी भाषेत वाटाड्याचं काम करता येत नसे. जानेवारी 2018 पासून कायदा बदलला आणि असे यजमान इंटरनेटवर भरपूर मिळू लागले. पहिल्यांदा जाणाऱ्यानं स्वयंसेवकच घ्यावा. तो हौसेनं आलेला असतो आणि कुठल्या दुकानात नेण्याची त्याला घाई नसते. अर्ज किमान दोन आठवडे आधी करा, चेरीच्या बहराच्या दिवसांत त्याहून बराच आधी.

पहिली मेल

सोप्या, तुटक इंग्रजीत लिहा. किती जण, वयं काय, कोणाचे गुडघे दुखतात, जिने किती चढता येतील, किती वाजता सुरू करायचं आणि किती वाजता संपवायचं. पाच-सहा तासांहून जास्त वेळ मागू नका. ‘तुम्ही न्याल तिथे येऊ’ असं लिहू नका. ते नम्र वाटलं तरी सगळा भार यजमानावर पडतो, आणि मग तो जोखीम नको म्हणून पुस्तकातल्या पहिल्या पानावरच्या जागा दाखवतो. जागा तीनच लिहा.

पहिल्या दिवसासाठी असाकुसा, उएनो आणि यानाका हे त्रिकूट उत्तम. असाकुसा ते उएनो गिन्झा लाइननं पाचेक मिनिटं लागतात. आशियातली पहिली भुयारी रेल्वे 1927 मध्ये याच दोन स्थानकांमध्ये धावली. यानाका ही जुन्या टोकियोची वाचलेली वस्ती, निप्पोरी स्थानकापासून चालत गाठता येते. सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात आणि सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी, एवढं पाहून वार ठरवा.

मेलमध्ये आणखी एक ओळ घाला: ‘मात्सुचियामा शोदेन बघायचं आहे.’ असाकुसातल्या प्रसिद्ध सेन्सोजी मंदिरापासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर, सुमिदा नदीजवळच्या छोट्या टेकाडावर हे देऊळ आहे. इथला देव कांगितेन म्हणजे आपला गणपती. मूर्ती गुप्त असते, दर्शनाला ठेवत नाहीत. पण पायऱ्या, कठडे, कंदील, सगळीकडे दोन चिन्हं कोरलेली दिसतात: एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि पैशांची पिशवी. आपण दूर्वा वाहतो तसा इथे पांढरा मुळा वाहतात. भलाथोरला, मनगटाहून जाड मुळा तिथेच आवारात विकत मिळतो. मराठी माणसानं हे देऊळ चुकवू नये. मात्र यजमानाला ‘गणेश टेम्पल’ म्हटलं तर कळेलच असं नाही, म्हणून नाव जपानीच लिहा. उएनोच्या शिनोबाझू तळ्यातल्या बेटावर बेंतेनचं देऊळ आहे. ती सरस्वती. वीणेऐवजी तिचं वाद्य बिवा.

जेवण: इथेच सगळे अडकतात

आता मुख्य मुद्दा. तुम्ही मासे-मटण खात असाल तर हा भाग सोडून पुढे जा. शाकाहारी असाल तर दोनदा वाचा.

‘आय अॅम व्हेजिटेरियन’ एवढं सांगितलं की भागतं, असं सांगणाऱ्यांनी टोकियोत नेमकं काय खाल्लं याची मला शंका आहे. जपानीत ‘बेजितारिआन’ हा शब्द आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनात बहुतेकदा ‘मांसाचे तुकडे न खाणारा’ एवढंच येतं. माशाचं पाणी त्याच्या लेखी मासा नसतं. अडचण नेमकी त्या पाण्याची आहे. त्याला दाशी म्हणतात.

दाशी हा जपानी स्वयंपाकाचा पाया आहे. बोनिटो जातीचा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात आणि रंध्यासारख्या पात्यावर किसतात. सुताराच्या रंध्यातून निघतात तशा पातळ, गुलाबी-तपकिरी साली पडतात. त्या कात्सुओबुशी. त्या गरम पाण्यात घालून गाळलेलं पाणी म्हणजे सर्वांत प्रचलित दाशी. कधी त्यात कोम्बू हे समुद्री शेवाळ असतं, कधी निबोशी म्हणजे सुकवलेल्या बारक्या मासळ्या.

हे पाणी कशात असतं? मिसो सूपमध्ये. उदोन आणि सोबा नूडल्सच्या रश्श्यात. थंड सोबाबरोबरच्या बुडवायच्या काळ्या सॉसमध्ये. भाज्यांच्या तेम्पुराबरोबर, म्हणजे जपानी भज्यांबरोबर, येणाऱ्या सॉसमध्ये, आणि त्याच तेलात बहुधा कोळंबीही तळलेली असते. गोडसर अंड्याच्या वड्यांत. भोपळा, मुळा, बटाटा शिजवलेल्या साध्या दिसणाऱ्या भाजीत. इनारीझुशीच्या, म्हणजे भात भरलेल्या, तळलेल्या तोफूच्या पिशवीत. थंड तोफू मागवला तर वर त्याच साली भुरभुरलेल्या असतात, आणि गरम पदार्थावर घातल्या की वाफेनं जिवंत असल्यासारख्या हलतात. म्हणजे ताटात एकही तुकडा दिसत नसताना अख्खं जेवण माशाचं असू शकतं, आणि यजमान मनापासून ‘भाज्याच आहेत’ म्हणत असतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला तसंच वाटत असतं.

म्हणून शब्द वापरू नका, यादी द्या. मेलमध्ये दोन रकाने करा. ‘खातो’: भात, भाज्या, तोफू, दूध, दही, कोम्बूची दाशी, वाळवलेल्या शिइताके मशरूमची दाशी, आणि खात असाल तर अंडं. ‘खात नाही’: मांस, मासे, कोळंबी, कात्सुओबुशी, माशाची दाशी, निबोशी, मांसाचा अर्क, डुकराची चरबी, जिलेटिन. ही यादी तारखेच्या निदान आठवडाभर आधी पाठवा. ऐनवेळी हॉटेलच्या दारात सांगणं हा तुमच्या यजमानावरचा अन्याय आहे. त्यानं ठरवलेली जागा रद्द करावी लागते, मालकाची माफी मागावी लागते, आणि टोकियोत दुपारी साडेबाराला दुसरी जागा सापडणं सोपं नसतं.

दोन वाक्यं पाठ करून जा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. साकाना नो दाशी मो दामे देस.’ मांस नाही, मासे नाही, माशाची दाशीही चालत नाही. तोफूवरच्या साली नको असतील तर ‘कात्सुओबुशी नुकि दे’.

मग जेवायचं कुठे? पहिला पर्याय शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं जेवण. इथली दाशी कोम्बू आणि शिइताकेची असते. कांदा, लसूण, पातीचा कांदाही पारंपरिक पद्धतीत वर्ज्य असतो. मात्र जैन पाळणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की मुळा, कमळकाकडी, गोबो ही कंदमुळं त्यात भरपूर असतात. हे जेवण महाग पडतं आणि आधी नोंदवावं लागतं. नोंदणी यजमानाला करू द्या, फोनवर जपानीत त्याचं पाच मिनिटांत होतं. दुसरा पर्याय: नूडल्सच्या दुकानात थंड सोबा घ्या, सॉस बाजूला ठेवा आणि नुसतं मीठ, म्हणजे शिओ, मागा. तिसरा: कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे छोट्या किराणा-खाऊच्या दुकानातून, ओनिगिरी (सारण भरलेला भाताचा गोळा) घेऊन बागेत बाकावर बसून खाणं. यात उमेबोशी म्हणजे आंबट-खारट आलुबुखाराची ओनिगिरी सुरक्षित समजली जाते, पण काहींत तोही कात्सुओ घालून मुरवलेला असतो. पाकिटामागची यादी यजमानाला वाचायला सांगा आणि तीन शब्द शोधायला लावा: ‘कात्सुओ’, ‘दाशी’, ‘एकिसु’. एकिसु म्हणजे अर्क, कोंबडीचा किंवा डुकराचा असू शकतो. अॅलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. तिथे अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, अक्रोड, कोळंबी, खेकडा अशा ठरावीक पदार्थांची नोंद सक्तीची आहे, माशाच्या दाशीची नाही.

आणि एक कळकळीची सूचना. ठेपले, चिवडा, खाकरे जरूर न्या, पण ते खोलीवर आणि प्रवासात खा. यजमानानं नेलेल्या हॉटेलात पिशवीतून डबा काढू नका. तिथे बाहेरचं खाणं चालत नाही आणि मान खाली यजमानाची जाते. भारतीय जेवणाशिवाय राहवतच नसेल तर तोझाइ लाइनवरचं निशिकासाई गाठा. एदोगावा प्रभागातली ही वस्ती भारतीयांची. 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक या मराठी माणसाला याच प्रभागानं सभेवर निवडून दिलं होतं. पण तिथे संध्याकाळी, यजमानाचा निरोप घेतल्यावर जा. दुपार त्याच्या शहराची असू द्या.

पैसे

हेही मेलमध्येच मिटवा: ‘त्या दिवशीचा तुमचा प्रवास, तिकिटं आणि जेवण आमच्याकडे.’ हे लेखी असलं की काउंटरवर ‘नको नको’ची ओढाताण होत नाही. बिल देताना नोटा हातात न कोंबता समोरच्या छोट्या तबकात ठेवा. यजमानाच्या घरापासूनच्या रेल्वेचे पैसे पाकिटात घालून द्या. उघड्या नोटा हातावर ठेवणं असभ्य समजतात. स्वयंसेवकाला वर बक्षिशी देऊ नका, ती त्याला अपमानासारखी वाटू शकते. स्वतःसाठी सुइका किंवा पास्मो हे रेल्वे-बसचं कार्ड आदल्या दिवशीच भरून ठेवा. यजमान फाटकापलीकडे उभा आणि तुम्ही तिकिटाच्या यंत्रापुढे, असं होऊ देऊ नका.

भेटायची जागा

‘असाकुसा स्टेशनवर भेटू’ हे ठरवणं म्हणजे चुकामूक ठरवणं. असाकुसा नावाची स्थानकं एकाहून अधिक आहेत. गिन्झा लाइन, तोएइची असाकुसा लाइन आणि तोबूची स्थानकं नदीच्या बाजूला जवळजवळ आहेत, पण त्सुकुबा एक्स्प्रेसचं असाकुसा पश्चिमेला, चालत बरंच लांब. म्हणून सेन्सोजीच्या कामिनारीमोन दरवाज्यासमोरचं पर्यटन माहिती केंद्र ठरवा. 2012 मध्ये उभी राहिलेली, केंगो कुमा यांनी रचलेली ही लाकडी पट्ट्यांची आठ मजली इमारत लांबूनही ओळखू येते. आत सावली, शौचालय, वर फुकट सज्जा. दहा मिनिटं आधी पोहोचा. शिंजुकु स्थानकावर तर भेट ठरवूच नका, तिथे बाहेर पडायचे दोनशेहून जास्त मार्ग आहेत. संपर्काला ‘लाइन’ नावाचं निरोपांचं अॅप भारतातूनच सुरू करून ठेवा. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, रात्री नऊला केलेला फोन तिथे मध्यरात्रीनंतर साडेबाराला वाजतो.

प्रत्यक्ष दिवस

आडनावाला ‘सान’ जोडून हाक मारा, स्वतःच्या नावाला मात्र जोडू नका. गाडीत फोनवर बोलू नका. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहा. सेन्सोजीसमोरच्या नाकामिसे या दुकानांच्या गल्लीत घेतलेला खाऊ दुकानापुढेच संपवा, चालता चालता खाऊ नका. कचऱ्याच्या पेट्या क्वचित दिसतात, पिशवी जवळ ठेवा. सेन्सोजी हे बौद्ध मंदिर, तिथे नुसते हात जोडायचे. शेजारच्या असाकुसा जिन्जात, म्हणजे शिंतो देवळात, दोनदा वाकायचं, दोनदा टाळी, पुन्हा एकदा वाकायचं.

यजमानाचा नकार ओळखायला शिका. तुम्ही काही सुचवलं आणि तो श्वास आत ओढून ‘चोत्तो...’ म्हणाला, किंवा ‘मुझुकाशी’ म्हणजे ‘अवघड आहे’ म्हणाला, तर ते ‘नाही’ आहे. लगेच विषय सोडा. पुन्हा आग्रह केला तर तो स्वतःची शेवटची गाडी चुकवूनही तुम्हाला नेईल. दर दीड तासानं ‘जरा बसू या का?’ असं तुम्हीच म्हणा, कारण सत्तरीचा यजमानही दमलो म्हणून सांगणार नाही.

भेटवस्तू आणि निरोप

भेट छोटी, खाण्याची आणि सुटी वेष्टनं असलेली असावी: आसामचा किंवा दार्जिलिंगचा चहा, कोकणातले काजू, वेगवेगळ्या पुड्यांतली चिक्की. पाकातली मिठाई त्यांना फार गोड होते. दाणे चालतात का, हे मेलमध्येच विचारून घ्या. चार किंवा नऊ नग देऊ नका, हे आकडे तिथे अशुभ मानतात. दोन्ही हातांनी आणि निरोपाच्या वेळी द्या, सकाळी दिली तर ते ओझं त्यालाच दिवसभर वागवावं लागतं. तो ती तुमच्यासमोर उघडणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

यजमानाचा चेहरा असलेला फोटो त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. त्याच रात्री दोन ओळींची मेल पाठवा आणि त्यात आवडलेल्या एका गोष्टीचं नाव घ्या. तो मुळ्याचा कंदील म्हणा, किंवा यानाकातली एखादी गल्ली.