उरलेले बावीस तास : रिहॅब वॉर्डात या चुका टाळा

‘मॅडम, चालायला कधी लागतील?’

पेशंट आयसीयूतून रिहॅब म्हणजे पुनर्वसन वॉर्डात आला की पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न येतो. नागपुरात पंधरा वर्षं फिजिओथेरपी करते आहे. छिंदवाडा-बालाघाटपासून गडचिरोलीपर्यंतची माणसं इथे येतात, बोली बदलते, प्रश्न तोच. ‘बसायला कधी लागतील?’ असं विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्याला पलंगाच्या कडेला धड बसता येत नाही त्याला लोक चालवायला निघतात, आणि मग निस्तरायला आम्ही.

फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा शिकवणारी), स्पीच थेरपी (बोलणं आणि गिळणं बघणारी) सगळं मिळून पेशंटचे दिवसाचे दोन तास आमच्याकडे जातात. उरलेले बावीस तास तो तुमच्या, घरच्यांच्या हातात असतो. बहुतेक नुकसान मी त्याच बावीस तासांत झालेलं पाहिलं आहे, आणि तेही मायेपोटी.

लकव्याच्या हाताला धरून उचलणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून सविस्तर सांगते.

खांद्याची खोबण मुळातच उथळ असते. हाड तिथे टिकवून धरायचं काम बरंचसं भोवतालच्या स्नायूंचं. लकव्यात ते ढिले पडले की हात नुसत्या स्वतःच्या वजनानेही खाली ओघळतो. अशा हाताला धरून कोणी ‘उठा बाबा’ म्हणून ओढलं, किंवा काखेत हात घालून उचललं, की खांदा जागेवरून सरकतो.

भंडाऱ्याकडचे एक निवृत्त गुरुजी होते. डावी बाजू गेलेली. तिसऱ्या आठवड्यात आधाराशिवाय बसायला लागले, डाव्या हाताची दोन बोटं हलायला लागली. वॉर्डात आम्ही सगळे खुश. त्याच शनिवारी मुलगा पुण्याहून चार दिवसांच्या रजेवर आला. चांगला जिमबिम करणारा गडी. संध्याकाळी थेरपिस्ट घरी गेल्यावर त्याने आणि चुलतभावाने दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून गुरुजींना व्हरांड्यात दहा पावलं ‘चालवलं’. चालवलं कसलं, टांगून नेलं. व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला, अभिनंदनाचा पाऊस पडला.

सोमवारी सकाळी बघते तर डाव्या खांद्याच्या टोकाखाली दोन बोटं बसतील एवढी खाच. गुरुजी हाताला कोणाला शिवू देईनात. ‘मी तर चालवून राहिलो होतो ना मॅडम, पाडलं तर नाही ना,’ पोरगा म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. पण पुढचे सहा आठवडे आमचा सगळा वेळ दुखणं कमी करण्यात गेला. बोटांचं काम जिथे होतं तिथे थांबलं, आणि सुरुवातीचे तीन महिने मेंदू सगळ्यात जोरात सावरत असतो. ते सहा आठवडे त्यातलेच गेले.

पोरावर चिडले होते, पण चूक माझीही होती. गुरुजींच्या बायकोला मी ‘हात ओढू नका’ असं सांगितलं होतं. त्या माउलीने मान डोलावली होती. मुलाला तर मी भेटलेच नव्हते. तेव्हापासून माझी एक सवय आहे. मी स्वतः पलंगावर बसते, डावा हात लुळा सोडते आणि नातेवाइकांना म्हणते, ‘आता मला खुर्चीत घ्या.’ दहातले नऊ जण हातच धरतात. मग मी वॉर्डभर ऐकू जाईल असं ‘आई गं’ ओरडते. विसरत नाहीत.

पकडायचं कमरेला. इतवारी बाजारात दप्तराच्या बंदासारखी रुंद पट्टी मीटरवर मिळते, तिचे कमरपट्टे मी धरायला शिवून घेते. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला, ब्रेक लावलेली, पाय जमिनीला टेकलेले, आणि उठताना त्याने पुढे झुकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. लोक सरळ वर खेचतात आणि मग म्हणतात, बाबा फार जड झाले. बसवलं की हात मांडीवरच्या उशीवर, लोंबकळता नाही. शर्ट घालताना आधी लकव्याचा हात, काढताना तो सगळ्यात शेवटी. नवीन अटेंडंट आला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. भाऊ गेला, साळा आला, तर साळ्यालाही दाखवायचं.

‘दोन चमचे पाणी तर दिलं’

नाकात नळी असलेल्या माणसाला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या जिवाची फार तगमग होते. एक बाई होत्या, गिळण्याची तपासणी व्हायची होती. भेटायला आलेल्या नणंदेने संत्र्याचा ताजा रस काढून आणला आणि आडवं झोपलेल्या वहिनीला चमच्याने पाजला. ठसका लागला नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं, जमलं. तिसऱ्या दिवशी ताप, मग न्यूमोनिया, आणि बाई परत आयसीयूत.

ठसका लागला नाही म्हणजे गिळलं, असं नसतं. झटक्यानंतर घशाची जाणीव कमी झाली तर रस श्वासनलिकेत जातो आणि माणूस खोकतही नाही. ठसका लागला तर निदान कळतं तरी. खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल तर तेही सांगा. स्पीच थेरपिस्टने हो म्हणेपर्यंत तोंडाने काही नाही. हो म्हटल्यावरही ताठ बसवून, लहान घोट, आणि नंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. साधं पाणी सगळ्यात सोपं वाटतं, पण पातळ पदार्थच आधी चुकीच्या वाटेने जातात, म्हणून पुष्कळदा सुरुवात घट्ट गोष्टींनी होते. मी उशाशी जाड स्केचपेनने पाटी लावते आणि पाहुण्यांच्या पिशव्यांवर लक्ष ठेवते. एकदा सावजी रस्स्याचा डबा पकडला आहे. वास आधी आला.

थोडक्यात उरकण्यासारख्या

सुन्न पायावर गरम पाण्याची पिशवी नको. त्याला चटका कळत नाही, तुम्हाला फोड आल्यावर कळतं.

एका पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, तर मालिश करू नका, डॉक्टरांना बोलवा. आत रक्ताची गाठ असू शकते.

हवेची गादी घेतली तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच. रात्रीसुद्धा. गादीवाला काहीही सांगो.

पिवळा स्माइली बॉल. बाप्पा, तो बॉल! मूठ आधीच आवळायला लागलेल्या माणसाला आणखी मूठ आवळायला कशाला शिकवता? उघडायला शिकवायचं असतं. मी तर सरळ काढून घेते, माझ्या ड्रॉवरमध्ये बरेच जमलेत.

लघवीची पिशवी शिफ्ट करताना पेशंटच्या पोटावर ठेवू नका, ती कमरेच्या खालीच.

बरं वाटायला लागलं म्हणून बीपीची गोळी बंद करणाऱ्यांशी मी बोलत नाही.

नवतपा आणि मानेचा मार

मानेच्या मणक्याला मार लागलेल्या माणसाला दुखापतीच्या खाली घाम येत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, नवतप्याच्या त्या नऊ कडक दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, याचा अर्थ समजून घ्या. संसर्ग नसतानाही अंग तापतं, आणि घरचे पांघरूण घालतात, ‘ताप आहे ना’ म्हणून. उलट करायचं. पांघरूण काढा, ओल्या फडक्याने अंग पुसा, कूलर सुरू करा, नर्सला सांगा.

दुसरी गोष्ट याहून तातडीची. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर असेल आणि एकाएकी डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, वरच्या अंगाला घाम फुटला, तर डोकेदुखीची गोळी देऊन आडवं करू नका. बीपी भयंकर चढलेलं असू शकतं. ताबडतोब बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, नर्सला हाक मारा आणि लघवीची नळी कुठे मुडपली आहे का पाहा. पुष्कळदा कारण तुंबलेली लघवीच असते.

शॉर्टकट

कबुतराचं रक्त चोळणारे अजून भेटतात. लकवा बरा व्हावा म्हणून राजस्थानातल्या बुटाटीच्या देवळात सात दिवसांच्या फेऱ्या घालायला जाणारेही भेटतात. श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण दुसऱ्या आठवड्यात, नळीसकट, रेल्वेने? थेरपी झाल्यावर जा, मीही प्रसाद खाईन. मला जास्त राग येतो तो लाखो रुपये घेऊन ‘स्टेम सेल’ची (मूळ पेशींची) इंजेक्शनं विकणाऱ्यांचा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लकवा किंवा मणक्याच्या दुखापतीसाठी हे नोंदणीकृत चाचणीबाहेर करायचंच नसतं, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. त्या पैशात दोन वर्षं घरी थेरपिस्ट येईल.

डिस्चार्जच्या दिवशी घर आठवणं

इथे मी भरतीच्या पहिल्याच आठवड्यात घरच्यांच्या हातात टेप देते. संडास-न्हाणीच्या दाराची रुंदी, पलंगाची उंची, ओट्याच्या पायऱ्या, सगळं मोजून फोटो पाठवा म्हणते. व्हीलचेअरला एक फूट उंचीसाठी बारा फूट लांब उतार लागतो, हे ऐकून लोकांचे चेहरे पडतात, कारण अंगणच आठ फुटांचं असतं. गेल्या महिन्यात एका ताईंनी माप पाठवलं : दार तेवीस इंच, व्हीलचेअर पंचवीस. पेशंट जायला तेव्हा तीन आठवडे होते, तरी सुतार पोचला डिस्चार्जच्या आदल्या रात्री. तेव्हा मला फोन करण्याआधी सुताराला करा. त्याची तारीख मिळणं माझ्यापेक्षा कठीण आहे.