बाथरूमचा आरसा लावताना एवढं बघा
आरसा लावायच्या आधी लाईटचा पॉइंट ठरवा, कारण टाइल्स बसल्यावर वायर काढायची म्हणजे परत फोडाफोड आली. फक्त वरून लाईट दिला तर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावली पडते, दाढी नीट दिसतच नाही, त्यामुळे जमेल तिथे दोन्ही बाजूंना चेहऱ्याच्या उंचीवर लाईट घ्या, 4000 केल्विनचा (म्हणजे ना पिवळा ना निळसर, साधा पांढरा उजेड), आणि बेसिनजवळ असेल तर निदान आयपी 44 वाला, म्हणजे पाण्याचे शिंतोडे उडाले तरी चालणारा.

आरसा चिकटवायचा असेल तर सिलिकॉन न्यूट्रल क्युअरच (सुकताना आंबट वास न येणारं) मागा हां, व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्याने मागचा थर खराब होऊन काळे डाग पडतात. मोठा जड आरसा मात्र स्क्रूवरच लावा. टाइलवर मास्किंग टेप लावून, ड्रिलचा हॅमर मोड (ठोके मारणारा) बंद ठेवून, टाइलच्याच बिटने हळूहळू भोक पाडा.