मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची तयारी: आधी सब्जेक्ट, मग बाकीचं

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचं मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक पहिल्यांदाच घ्यायचं असेल, तर सत्र सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस कामाला लागा. हजेरीपट, वेळापत्रक, आलेख कागद, जर्नलची पानं याबद्दल काही सांगत नाही, ते होतंच. स्टॉपवॉच फोनवरचं चालतं, फोन एअरप्लेन मोडवर टाका म्हणजे झालं. सामानाचं कपाट उघडायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा: सब्जेक्ट, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस, कोण?

‘वर्गातलीच मुलं एकमेकांचे सब्जेक्ट होतील’ हे उत्तर नाही. सगळीकडे हेच चालतं आणि निम्मे प्रयोग तिथेच बाद होतात. लुचिन्सचा 1942 चा पाण्याच्या भांड्यांचा प्रयोग घ्या. 21, 127 आणि 3 मापांची भांडी, मोजायचं 100 माप पाणी. 127 मधून 21 काढायचे, मग 3 दोनदा काढायचे. अशी पाचेक गणितं सोडवली की डोकं त्याच रुळावर बसतं. मग 23, 49 आणि 3 देऊन 20 मागितले की कोरा, म्हणजे प्रयोगाबद्दल काही माहीत नसलेला, माणूस 49 वजा 23 वजा 3 वजा 3 असा लांबचा रस्ता धरतो. ज्याने सोमवारी मेंटल सेटवरचं (डोकं असं एकाच रुळावर बसण्यावरचं) लेक्चर ऐकलंय तो गुरुवारी 23 वजा 3 म्हणून मोकळा होतो. तुमच्या हातात काय उरलं? रिकामा तक्ता. मग मुलं शेजारच्या जर्नलमधून आकडे उतरवतात, आणि त्यांना रागवायला तोंड राहत नाही.

सगळे प्रयोग इतके नाजूक नसतात. प्रतिक्रिया काळ (इशाऱ्याला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ) आणि स्ट्रूप (रंगाचं नाव दुसऱ्याच रंगात छापलेलं, सांगायचा शाईचा रंग) यांत माहिती असूनही फारसं बिघडत नाही. शब्द वाचायचा नाही असं ठरवून वाचणं थांबत नाही. म्युलर-लायर भ्रमही (टोकांच्या बाणांमुळे सारख्याच रेघा लहानमोठ्या दिसतात तो) माहितीने जात नाही, पण शहाणा सब्जेक्ट मुद्दाम रेघ उलट दिशेला सरकवून ‘बरोबर’ करतो आणि त्रुटीचा आकडा खोटा येतो. आरशात बघून तारा गिरवायचा प्रयोग ज्याने एकदा केला तो त्या प्रयोगापुरता कायमचा संपला. झायगार्निक (अर्धवट राहिलेलं काम जास्त लक्षात राहतं), आकांक्षा पातळी (माणूस स्वतःपुढे किती मोठं लक्ष्य ठेवतो), मेंटल सेट: इथे सब्जेक्ट कोराच हवा, तडजोड नाही. पर्याय नसेल तर निदान क्रम उलटा करा, प्रयोग आधी आणि लेक्चर नंतर. थिअरी दुसरे कोणी शिकवत असतील तर त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

कोरे सब्जेक्ट मिळतात कॉमर्स आणि सायन्सच्या वर्गांतून, हॉस्टेलवरून, ऑफिसातून. त्या त्या विभागप्रमुखांना पहिल्याच आठवड्यात पत्र द्या. तोंडी ‘हो हो, पाठवतो’ वर विसंबू नका. आवारातच असतात म्हणून अकरावी-बारावीची मुलं ओढून आणू नका, ती अठराच्या आतली असतात आणि पालकांची संमती लागते. एक वही करा: नाव, वर्ग, वय, शिक्षणाचं माध्यम, चष्मा, कोणता प्रयोग कोणत्या तारखेला केला. ही वही नसेल तर तोच होतकरू मुलगा आरशाच्या प्रयोगाला दोनदा येतो आणि दुसऱ्यांदा त्याचा डावा हात चमत्कार करतो. दर बॅचला दोन सब्जेक्ट जादा बोलवा. आणि झालेले आणि व्हायचे यांना एकाच व्हरांड्यात बसवू नका. बाहेर येणारा पहिला माणूस उत्तर सांगूनच चहाला जातो.

आता सामान. स्ट्रूपची कार्डं स्वतः छापा: काळ्या शाईतले शब्द, नुसते रंगाचे ठिपके, आणि रंग-शब्द न जुळणारं तिसरं. प्रत्येकावर दहा ओळी, ओळीत दहा. पिवळा घेऊ नका, पांढऱ्या कागदावर दिसत नाही. कॉलेजच्या प्रिंटरवर निळा आणि जांभळा सारखेच येतात, म्हणून जांभळाही नको. शब्द त्या भाषेत हवेत जी सब्जेक्ट झपाट्याने वाचतो. उर्दू माध्यमातल्या मुलीला देवनागरी कार्ड दिलं तर अडथळा कमी दिसतो, आणि जर्नलमध्ये त्यावर भलतेच निष्कर्ष येतात. (माध्यमाचा रकाना वहीत आहे तो यासाठी.) सब्जेक्ट ‘निळा’ऐवजी ‘निळं’ म्हणाला तर बरोबर धरायचं, हेही आधी ठरवा, नाहीतर चार जोड्या चार नियम लावतात. लाल-हिरव्याचा घोळ असलेल्याला या प्रयोगाला बसवू नका. इशिहाराच्या तक्त्यांना दोन मिनिटं लागतात.

स्मरणाच्या प्रयोगासाठी परदेशी पुस्तकातले तीन रोमन अक्षरांचे निरर्थक शब्द जसेच्या तसे उचलू नका. जी-ए-एल आपल्याकडे गाल होतो, के-ए-एन कान. स्वतः वीसेक बनवा, पाच जणांना दाखवा, एकालाही काही आठवलं तर तो शब्द कापा. बारा उरले की पुरे, प्रत्येकी दोन सेकंद.

आरशाच्या उपकरणाची पितळी पट्टी काळवंडली की स्टायलसचा स्पर्श मोजला जात नाही. आदल्या दिवशी पॉलिश पेपरने घासा, सेल बदला. नियंत्रित गट, म्हणजे मधला सराव न करणारा तुलनेचा गट, विसरू नका. डाव्या हाताच्या दोन फेऱ्या, उजव्याच्या दहा, पुन्हा डाव्याच्या दोन, एवढ्यावर ‘संक्रमण झालं’ (उजव्याचा सराव डाव्याला उपयोगी पडला) म्हणता येत नाही, कारण डाव्याचा आधीचा सराव त्यात आहेच. दुसऱ्या गटाने मधल्या वेळात नुसतं बसायचं. म्हणजे सब्जेक्ट दुप्पट, तेही कोरे. किती लागतील ते आधीच मोजा.

म्युलर-लायरला चढता-उतरता (रेघ वाढवत नेणं किंवा कमी करत आणणं) आणि डावा-उजवा असे चार प्रकार, प्रत्येकी दहा, क्रम आलटूनपालटून. ओळीने उरकले तर थकवा आणि सराव कुठल्या खात्यात टाकायचा ते कळत नाही.

सूचना मराठीत शब्दन् शब्द लिहून काढा आणि मुलांना वाचूनच दाखवायला लावा. ‘समजावून सांगतो, सर’ म्हणत पोरं हळूच अपेक्षित निकालही सांगून टाकतात. म्हणजे कोरा आणलेला सब्जेक्ट दारातच वाया.

चाचण्यांचं वेगळं आहे. रेव्हनच्या प्रमाणित मॅट्रिसेस या बुद्धिमत्ता चाचणीमध्ये ए ते ई असे पाच संच, प्रत्येकी 12, एकूण 60 प्रश्न. पुस्तिकेत खुणा करू द्यायच्या नाहीत, उत्तरपत्रिका वेगळी. मॅन्युअल हातात आहे का बघा. मानकांशिवाय, म्हणजे तुलनेसाठीच्या तक्त्यांशिवाय, 44 हा नुसता आकडा आहे. झेरॉक्स काढू नका, कॉपीराइट आहे. गुणांक फळ्यावर नावासह लिहायचे नाहीत, मस्करीतही नाहीत. बेकची नैराश्य मापिका (दुसरी आवृत्ती, 21 प्रश्न) वर्गात द्यायचीच असेल, तर नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा आहे. सब्जेक्ट खोलीबाहेर पडायच्या आत तो तुम्ही स्वतः वाचायचा, विद्यार्थ्यावर सोडायचा नाही. समुपदेशक त्या वेळी आवारात हवा, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 भिंतीवर. ही सोय नसेल तर ती चाचणी देऊ नका, परीक्षेची चिंता मोजा.

प्रयोग संपला की सब्जेक्टला खरा हेतू सांगा आणि त्याचं अंतर्निरीक्षण (प्रयोगात मनात काय चाललं होतं ते) त्याच्याच शब्दांत तिथल्या तिथे उतरवून घ्या. घरी जाऊन लिहिलेलं ‘मला प्रयोग करताना आनंद वाटला’ दहा जर्नलमध्ये सारखं असतं. जर्नल दर आठवड्याला तपासा, सही-तारखेसह. शेवटी एकदम तपासायला ठेवलीत तर तपासून होत नाहीत.

परीक्षा. एक्स्टर्नलना, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांना, तारीख लवकर कळवा. चिठ्ठ्यांवर प्रयोगांची नावं. कोराच सब्जेक्ट लागतो असे प्रयोग दोनाहून जास्त ठेवू नका. परीक्षार्थ्यामागे एक सब्जेक्ट, वर दोन जादा, मानसशास्त्राचा एकही नाही. त्या दिवशी कॉमर्सची अंतर्गत परीक्षा तर नाही ना, हे आधीच बघा. सब्जेक्टना वेळ अर्धा तास आधीची सांगा. व्हायवाचं काही नाही, मुलाने सब्जेक्ट खरोखर बसवला असेल तर तो बोलतो.

गुणपत्रिका तुमच्या आणि एक्स्टर्नलच्या सह्यांनी त्याच दिवशी द्या. पुस्तिका मोजून कपाटात ठेवा. सब्जेक्टची वही मात्र कपाटात नको, पुढच्या वर्षी जे प्रात्यक्षिक घेणार त्यांच्या हातात द्या.