नळी ओढणारी हवी, ओकणारी नको

माझी पहिली नळी सध्या भाच्याकडे आहे. धुळवडीला तो तिच्यातनं समोरच्या गच्चीपर्यंत रंग मारतो आणि गल्लीतली पोरं ती मागायला येतात. पिचकारी म्हणून ती एक नंबर आहे. फक्त मी ती पिचकारी म्हणून बनवली नव्हती. ओढ्यातल्या खडकांच्या फटीतला गाळ ओढून त्यातलं सोनं धरायला बनवली होती, आणि तीन रविवार तिच्यामागं घालवून घरी एक कणही आणला नव्हता.

हातानं ओढायची सोन्याची नळी म्हणजे पिचकारीसारखाच हातपंप: तोंड फटीत घालून दट्ट्या ओढला की गाळ आत येतो. ऑस्ट्रेलियात गळाला लावायचं आमिष म्हणून ओल्या वाळूतले जीव ओढून काढायला असला हातपंप वापरतात, सोनं शोधणाऱ्यांनी तोच उचलला. दोन इंची पीव्हीसी, आत दट्ट्या, खाली बारीक नळी. सामान आमच्या बेळगावात खडेबाजारच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. करवत आणि पॉलिश पेपर घरात असेल तर एका दुपारचं काम. मी उद्यमबागेत लेथवर असतो, त्यामुळं मला तर ते हातचा मळ वाटलं. तिथंच फसलो.

दोन इंची नळीच्या बुडाला टोपी, टोपीला मधोमध भोक, भोकात पाऊण इंची नळी. ही पाऊण इंची नळी मी आतल्या बाजूनं टोपीला लागून सपाट कापली. फिनिशिंगचा सोस, दुसरं काय. आत काही डोकं वर काढलेलं नको, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागलं पाहिजे.

आता त्यात काय होतं ते नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं चुकलं तरी दुरुस्त होतं, हे चुकलं तर चुकतंय हेच कळत नाही. दट्ट्या ओढला की पाणी, वाळू, सोनं सगळं आत येतं. आत आलं की बसायला लागतं. वाळू पाण्याच्या अडीच-पावणेतीन पट जड, सोनं एकोणीस पटींहून जड. म्हणजे सगळ्यात आधी खाली कोण बसणार? सोनं. कुठं बसणार? बुडाला, भोकाच्या अगदी तोंडाशी. मग तुम्ही पुढची ओढ घेण्यासाठी दट्ट्या दाबता. सगळ्यात आधी बाहेर कोण जाणार? मी तीन रविवार वाळू राखत होतो आणि सोनं, असलंच तर, इमानदारीनं परत देत होतो.

उपाय सोपा आहे. पाऊण इंची नळी टोपीतून आत चार इंच उभी राहू द्यायची, विहिरीत खांब रोवल्यासारखी. गाळ त्या नळीतून वर चढतो, माथ्यावरून सांडतो आणि तिच्या सभोवतीच्या खोबणीत पडतो. दट्ट्या दाबला की पाणी नळीच्या माथ्यातून परत जातं, जड माल खाली खोबणीतच राहतो. पण खोबण भरत आली आणि तुम्ही ओढतच राहिलात तर पुन्हा तेच रडगाणं. नळी पारदर्शक नसते, त्यामुळं ओढी मोजायच्या. मी सहाला थांबतो आणि रिकामी करतो. कुणी दहा म्हणेल, म्हणू दे.

आणखी दोन सवयी याच्याच पोटातल्या. दट्ट्या आधी पूर्ण दाबून घ्यायचा आणि मगच नळीचं तोंड फटीत घालायचं. फटीत घालून दाबलात तर आत दबून बसलेलं सोनं तुम्हीच फुंकर मारून उडवलंत. आणि पाणी सोडताना नळी उभी धरून मनात पाच मोजायचे, मग सावकाश, घमेल्यावरच सोडायचं. कधीही, कसल्याही घाईत, उघड्यावर सोडायचं नाही. घमेलं म्हणजे तुमच्या चुकांची बचत बँक.

हे मला कळलं कसं? आमच्या वस्तादांनी सांगितलं, पण तीन आठवड्यांनी. पहिल्या दिवशी मी त्यांना कागदावर काढलेलं चित्र दाखवलं होतं. चहा पीत बघितलं, काही बोलले नाहीत. तिसऱ्या सोमवारी माझं तोंड बघून म्हणाले, "बुडातच भोक ठेवलास तर बादली भरंल काय रे?" लोक याला शिकवण्याची पद्धत म्हणतात. न बोलणारा वस्ताद मोठा, ही आपल्याकडची समजूत मला अजिबात पटत नाही. माझे तीन रविवार आणि निपाणीपर्यंतचं पेट्रोल कुणी द्यायचं? तुम्हाला एका वाक्यात सांगणारा माणूस मिळाला तर त्याच्याकडं जा. मोबाइलवर दहा मिनिटांत नळी बनवून दाखवणारे मात्र त्याहून वाईट. ते ओढून दाखवतात, रिकामी करून कधीच दाखवत नाहीत. बघा एकदा लक्ष देऊन.

वस्तादांचं एक मात्र मानतो. त्यांनी परीक्षा करायला शिकवलं. जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीचे शिशाचे छर्रे आणायचे, हातोडीनं चपटे करायचे, कारण सोन्याचा कणही पुष्कळदा चपटाच असतो. वीस मोजून टबातल्या वाळूत मिसळायचे आणि नळीनं ओढायचं. शिसं पाण्याच्या सव्वाअकरा पट जड. जी नळी शिसं धरते ती त्याच आकाराचं सोनं धरणारच. माझ्या पिचकारीनं वीसपैकी तीन दिले. आतली नळी उभी केल्यावर चौदा. पाच मोजायची सवय लावल्यावर अठरा. मी मोरीपाशी बसून छर्रे मोजत होतो तेव्हा शेजारच्या काकू दारातनं म्हणाल्या, "काय मोरी उपसूलालास काय रे?" तेव्हा लाज वाटली. पुढं खरंच मोरी उपसायची पाळी आली, ते खाली येईलच.

बाकीची जोडणी झटकन सांगतो. दट्ट्याला हातपंपात असतो तसला वाटीसारखा चामडी वायसर घाला, वाटीचं तोंड वर. ओढताना तो भिंतीला घट्ट धरतो, दाबताना थोडा सोडतो, आणि ते आपल्या पथ्यावरच पडतं. उलटा बसवलात तर नुसती हवा ओढाल. दट्ट्या खाली येऊन आतल्या नळीवर आपटू नये म्हणून दांड्याला आडवा बोल्ट मारा. बुडाची टोपी सोल्युशननं चिकटवू नका, आट्यांची घ्या. मी चिकटवली होती, पहिल्यांदा रिकामी करायला करवतच लागली. खालच्या नळीचं टोक उकळत्या पाण्यात मऊ करून जरा चपटं दाबा म्हणजे फटीत शिरतं, आणि जो खडा तोंडातून आत येतो तो पुढं अडकत नाही. जास्त ओढ हवी म्हणून तीन इंची नळीच्या मागं लागू नका. दोन इंची आणि पाऊण इंचीच्या हिशेबानं खालच्या तोंडाशी पाण्याचा वेग दट्ट्याच्या सात पट होतो, तेवढा पुरे. तीन इंची ओढताना खांदा निखळतो.

आता जागेबद्दल, आणि इथं मी गोड बोलणार नाही.

माझे तीन रविवार गेले ते निपाणीकडं, मामाच्या शेताकडेच्या ओढ्यात. तिथं काळ्या रेतीचे पट्टे दिसले. चुंबक फिरवला तर झुपक्यानं चिकटली. काळी रेती तिथं सोनं, हे कुठंतरी ऐकलेलं, त्यामुळं हर्षवायू व्हायचा बाकी होता. पण निपाणी-चिकोडीचा मुलूख काळ्या फत्तराचा, दख्खनच्या लाव्ह्याचा. त्या दगडात लोहाची काळी रेती भरपूर, सोन्याची आशा नको. म्हणजे नळी बरोबर असती तरी हात हलवतच परतलो असतो. सोनं आहे ते धारवाडी जुन्या खडकांत, गारेच्या शिरांत. कोलारची खाण 2001 साली बंद पडली, रायचूर जिल्ह्यातली हट्टीची अजून चालू आहे. गदगजवळच्या कप्पतगुड्डाच्या ओढ्यांत जालगार लोक वाळू धुऊन सोनं काढायचे, त्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकातल्या आहेत.

हे वाचून लगेच गाडीला किक मारू नका. 1957 च्या खाण आणि खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय सोनं काढणं सोडाच, शोधणंसुद्धा गुन्हा आहे आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खानापूरकडं तर निम्म्या वाटा जंगलातल्या, पुढं भीमगड अभयारण्य. "एक नळीच तर आहे" हे तिथं कुणी ऐकून घेत नाही. आणि गुप्तधन दाखवणारं मशीन विकायला कुणी आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

मग ही नळी चालवायची कुठं? मी चालवतो सोनारांच्या कारखान्यांत. आपल्याकडं झारेकऱ्यांचा धंदा जुनाच आहे. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, हात धुतलेलं पाणी धुऊन त्यातलं सोनं काढून देणारी ही माणसं. शहापूरच्या सराफ गल्लीत एका कारखान्याची फरशी उखडायची होती. मालकांनी आधी सांधे साफ करून बघ म्हटलं. शहाबादी फरशीच्या सांध्यांत वर्षानुवर्षांची कानस-धूळ दबलेली असते. तिथं थोडं थोडं पाणी सोडून नळीनं ओढलं, नंतर मोरीच्या जाळीखालचा गाळही. चुंबकानं कानशीचं लोखंड काढलं, घमेल्यात धुतलं आणि तळाला एक पिवळी रेघ उरली. सावलीत धरली तरी तशीच पिवळी. अभ्रक नुसतं उन्हात चमकतं, घमेलं कलतं केलं की विझतं. सुईनं दाबून बघितलं, कण फुटला नाही, दबला. मालकांनी काट्यावर घातलं. तीन गुंजा. ग्रॅमच्या भाषेत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही निखळ नाही, डागाचं, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडायच्या धातूचं, पितळ-चांदी मिसळलेलं. मला त्या रात्री झोप आली नाही.

या कामात पडणार असाल तर मालकाच्या समोर ओढा, समोर धुवा, समोर तोला. गाळ घरी नेऊन धुतो म्हणू नका, एकदा संशय आला की सगळ्या गल्लीत दारं बंद. वाटा मागण्यापेक्षा मजुरी ठरवा. त्या कारखान्याचा केर आधीपासून कुठला झारेकरी नेत असेल तर त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. त्याचं पोट त्यावर आहे, आपला रविवारचा नाद आहे. मोरीच्या गाळात तेजाब असतं, केडीएमच्या डागातलं कॅडमियमही असू शकतं, तेव्हा रबरी हातमोजे घाला. नळी अडकली म्हणून तोंडानं ओढणारा एक बहाद्दर मी पाहिला आहे, तुम्ही दुसरे होऊ नका. आणि पारा वापरून झटपट सोनं गोळा करायला कुणी शिकवत असेल तर तो कितीही मोठा वस्ताद असो, उठून या. पाऱ्याची वाफ दिसत नाही, वासही येत नाही. घरात तान्हं बाळ असताना गॅसवर पारा उडवणारी माणसं आहेत.

घाबरवत नाही. खरं तर हात बसायला फार दिवस लागत नाहीत, दोन-तीन टबांत बसतो. पहिले काही दिवस वायसर मात्र छळेल. तो सुकून आखडला की माणसाचा हात आपोआप तेलाच्या बाटलीकडं जातो. जाऊ देऊ नका. तेलकट झालेला बारीक सोन्याचा कण पाण्यावर चक्क तरंगतो आणि घमेल्याच्या काठावरून निघून जातो. मी गाळाच्या पाण्यातही भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकतो, कारखान्यात पॉलिशचा तेलकटपणा असतोच. वायसर रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचा, वर साबणाचा हात.

वायसर बदलला की छर्ऱ्यांची परीक्षा परत घेतो. वीसच्या वीस अजून कधी आले नाहीत. अठरा येतात. उरलेले दोन बहुतेक वेळा बुडाच्या टोपीच्या आट्यांत सापडतात, म्हणून हल्ली कारखान्यातनं निघताना आटे जुन्या टूथब्रशनं मालकांच्या घमेल्यातच घासून देतो.