टाकीचं झाकण उघडण्याआधी

माझी अख्खी नोकरी डासांच्या अळ्या शोधत लोकांच्या टाक्यांत डोकावण्यात गेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी पावसाळा लागला की ठाण्यातल्या खारकर आळीतून नाहीतर वर्तकनगरातून कुणाचा तरी फोन येतोच, "काका, धुराची गाडी कधी येणार?" गाडी येऊन गेली की माणसांना बरं वाटतं. उडणारे डास थोडेफार पडतात, पण पाण्यातल्या अळ्यांना त्या धुराचं काही देणंघेणं नसतं. त्या तुमच्याच गच्चीवर असतात. कशा शोधायच्या ते सांगतो.

सकाळी नऊ-दहाला वर जा. सोबत टॉर्च आणि एक पांढरी वाटी. पांढरीच हवी, स्टीलच्या चकाकीत अळी दिसत नाही. विहीर बघायची असेल तर आरसाही घ्या. उन्हात उभं राहून आरशाने उजेड आत टाकला की टॉर्चपेक्षा लख्ख दिसतं.

झाकण सावकाश सरकवा. धाडकन उघडलंत तर सावली पडते, पाणी हलतं, अळ्या झर्रकन तळाला जातात आणि तुम्ही "काही नाही" म्हणून खाली उतरता. आमच्याकडची नवी पोरं नेमकी इथेच फसायची. दोन-तीन मिनिटं गप्प उभे राहा. श्वासासाठी त्यांना वर यावंच लागतं. मग वाटी तिरपी धरून कडेचं आणि कोपऱ्यातलं, जिथे पालापाचोळा साचतो तिथलं पाणी अलगद आत घ्या.

आता वाटीत नीट बघा. डोकं खाली आणि शेपूट वर करून लटकलेली असेल तर क्युलेक्स, म्हणजे हत्तीरोगाचा डास, किंवा डेंग्यूवाला एडिस. पाण्याच्या पातळीला समांतर, काडीसारखी आडवी पडलेली असेल तर ॲनाफिलीस, म्हणजे हिवतापाचा डास. स्वल्पविरामासारखं वाकडं काही वळवळत असेल तर तो कोष. कोष दिसला की वाट बघू नका, एक-दोन दिवसांत त्याचा डास होतो. टाकी त्याच दिवशी रिकामी करायची.

ही आडवी अळी आपल्या शहरांची फार जुनी भाडेकरू. डासामुळे हिवताप पसरतो याचा धागा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला सापडला. शहरी पाण्यात वाढणाऱ्या स्टीफन्सी या ॲनाफिलीसच्याच जातीचं वर्णन डॉ. लिस्टन यांनी १९०१ मध्ये केलं. पुढे मुंबईत हिवतापाची चौकशी झाली. डॉ. चार्ल्स बेंटली यांचा अहवाल १९११ चा. त्यांनी बोट दाखवलं ते घराघरांतल्या विहिरींकडे. मग विहिरी बुजवा नाहीतर झाका, असे हुकूम निघू लागले आणि लोक खवळले. विहिरीला दिवा लावणाऱ्याने ती झाकायची कशी? मला त्या लोकांचं चुकलं असं वाटत नाही. ठाण्यातल्या वाड्यांतल्या विहिरींवर हळदकुंकू मीही पाहिलंय, आणि त्याच पाण्यात आडव्या अळ्याही. हळूहळू विहिरी गेल्या आणि डास जिना चढून गच्चीवर आला.

एका सोसायटीत सेक्रेटरींनी मला अभिमानाने झाकण दाखवलं. घट्ट बसलेलं, वर कुलूप. तरी वाटीत अळ्या! शेवटी बाहेरच्या अंगाला गेलो तर ओव्हरफ्लोच्या पाइपाचं तोंड सताड उघडं. दोन बोटं जाईल एवढं भोक, डासाला महाद्वारच. म्हणून ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाइपाला बारीक नायलॉनची जाळी लावा, ती तारेने आवळा. रबर लावू नका, उन्हात तडकतं. आणि गच्चीवर शिडी असू द्या. शिडी नाही म्हणून न तपासलेल्या टाक्या मी कमी पाहिल्या नाहीत.

वापरात नसलेल्या विहिरीत गप्पी मासे सोडा. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग सोडा, नाहीतर दचकून मरतात. मासुंद्यासारख्या तळ्यात मात्र सोडू नका, तिथल्या माशांचं खाणं हे पळवतात. पूर्वी साचलेल्या पाण्यावर तेल ओतायचे, तवंगाखाली अळी गुदमरते. पिण्याच्या टाकीत असलं काही नको.

घरात जागा ठरलेल्या आहेत: फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची बशी, ताडपत्रीची घडी. आपल्या उकाड्यात अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं कोरडं करायचं. नुसतं ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहू शकतात, पाणी लागलं की फुटतात. काथ्याने घासा.

टाकी धुऊन झाली की तारीख झाकणावर खडूने नको, ऑइलपेंटने लिहा. खडू पहिल्या सरीत जातो, आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये "मागच्याच महिन्यात धुतली" म्हणणारा एक तरी निघतोच.