मेडिकेअर पार्ट डी: जानेवारीत आईची नेहमीची गोळी प्लॅनच्या यादीतून गेली, तेव्हा

मेडिकेअर पार्ट डी म्हणजे अमेरिकेतल्या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या, सरकारी आरोग्य विम्याचा औषधांचा भाग. लक्षण असं: वर्षभर मिळत असलेली आईची रक्त पातळ ठेवणारी गोळी जानेवारीत फार्मसीत ‘कव्हर्ड नाही’. प्लॅन तोच, कार्ड तेच. बदलली होती फॉर्म्युलरी, म्हणजे प्लॅनची औषधांची यादी. दुसरी फार्मसी, तेच उत्तर. औषध कंपनीचं सवलतीचं कूपन मेडिकेअरसोबत चालत नाही. होल्डवरचं संगीत पाठ झालं.

जमलं ते या क्रमाने. आधी प्लॅनला फोन करून ‘ट्रान्झिशन फिल’ मागा. वर्षाच्या पहिल्या ९० दिवसांत, चालू असलेल्या औषधाचा महिनाभराचा तात्पुरता पुरवठा मिळतो. तोवर डॉक्टरांकडून ‘फॉर्म्युलरी एक्सेप्शन’चं, म्हणजे यादीबाहेरचं औषध अपवाद म्हणून मंजूर करा असं, पत्र घ्या. यादीतलं पर्यायी औषध का चालणार नाही, हे त्यात हवंच. नुसतं ‘गरजेचं आहे’ पुरत नाही. पत्र पोचल्यापासून ७२ तासांत प्लॅनला निर्णय द्यावा लागतो, तातडीचं असल्यास २४. आईचं मंजूर झालं, पण वर्षअखेरपर्यंतच.

म्हणून १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबरमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षासाठी प्लॅन बदलता येतो त्या मुदतीत, मेडिकेअरच्या संकेतस्थळावर सगळी औषधं डोससकट भरून प्लॅन पुन्हा ताडून पाहा. नुसता प्रीमियम बघू नका, औषधं धरून वर्षाचा खर्च बघा. औषधांवर स्वतःच्या खिशातून होणाऱ्या वर्षाच्या खर्चाची मर्यादा (२०२६ साठी २,१०० डॉलर) प्लॅन कव्हर करतो त्या औषधांनाच लागू आहे.