डागडुजी करून भाड्याने द्यायचं घर: विदर्भात गाव आणि वस्ती कशी निवडावी

भिंत दुरुस्त होते, छत बदलता येतं, संडास-न्हाणी नव्याने बांधता येते. पण घराखालची माती, बोअरचं पाणी, जमिनीचा कागद आणि बाहेरच्या माणसाने त्या गावात भाड्याने राहायला येण्याचं कारण, या चार गोष्टी कोणत्याही गवंड्याच्या हाती नाहीत. तालुक्याच्या गावात जुनं घर घेऊन, नीट करून पंधरा-वीस वर्षं भाड्याने ठेवायचा विचार असेल, तर घर सर्वांत शेवटी बघा. सागवानी दरवाजे आणि ऐसपैस सांदवाडी (घरामागची मोकळी जागा) पाहून आधी मन बसलं, की माणूस बाकी सगळ्या बाबतींत स्वतःचीच समजूत घालत राहतो.

पहिल्यांदा हिशेब मांडा. समजा घर 9 लाखांना मिळालं, मुद्रांक, नोंदणी, वकील आणि मोजणी मिळून 70 हजार गेले, दुरुस्तीला 4 लाख लागले. एकूण 13 लाख 70 हजार. भाडं महिना 6,000 आणि वर्षातले दोन महिने घर रिकामं धरलं, तर हाती 60,000 येतात. घरपट्टी, रंग, मोटार, पाइप यांचे 12,000 वजा केले की उरतात 48,000, म्हणजे साडेतीन टक्के. तेच घर वर्षातून सहा महिने रिकामं राहिलं, तर उरतात 24,000, म्हणजे पावणेदोन टक्के. भाड्यात 500 रुपये जास्त मिळवण्यापेक्षा घर रिकामं न राहणं किती महत्त्वाचं आहे, ते यावरून दिसतं. उरलेला फायदा जमिनीच्या भावातूनच यायचा, आणि भाव टिकतो तो जिथे माणसं राहायला येत राहतात तिथेच.

भाडेकरू येणार कुठून

विदर्भात भाड्याच्या घराचा धंदा बुडतो तो अपडाऊनमुळे. शिक्षक, बँकेतले लोक, तहसीलचे कर्मचारी नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ इथे राहतात आणि रोज ये-जा करतात. रस्ता जितका चांगला, तितकं अपडाऊन जास्त. म्हणून ‘हायवे आला, आता भाडं वाढेल’ हे गणित उलटंही बसू शकतं. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये आणि पूर्ण 701 किलोमीटर जून 2025 मध्ये सुरू झाला. मेहकर, कारंजा, सिंदखेडराजा या बाजूंना त्याचा उपयोग होईल तो गोदामं, पेट्रोलपंप आणि रस्त्यालगतच्या जमिनीला. दोन खोल्यांच्या घराला भाडेकरू महामार्गामुळे मिळत नाही. नुसत्या घोषणेवर तर पैसा लावूच नका. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे 2008-09 मध्ये मंजूर झाली आणि तिचा वर्धा-कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. इतकी वर्षं रिकामं घर सांभाळणं परवडत नाही.

गाव तपासायची साधी रीत अशी. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा बसस्टँडवर थांबा. सकाळी डबा घेऊन उतरणारे आणि संध्याकाळी परतीची बस पकडणारे मोजा. हे तुमचे भाडेकरू नाहीत. मग ज्यांना अपडाऊन जमतच नाही अशी माणसं शोधा: ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या नर्सेस, महावितरणचे लाइनमन, पोलीस, एसटी आगारातले चालक-वाहक, खाणीत आणि सिमेंट कारखान्यात पाळीवर जाणारे कामगार, आयटीआय, फार्मसी, कृषी महाविद्यालयातली मुलं. यातले किमान तीन वेगवेगळे गट गावात असतील तरच पुढे जा. गडचांदूर, घुग्घुस, बल्लारपूर, वणी अशा ठिकाणी मागणी चांगली वाटते, पण ती एखाद्या कारखान्यावर किंवा खाणीवर टेकलेली असू शकते. खाण संपली की अख्खी ओळ रिकामी होते.

गावातली वस्ती निवडताना बसस्टँड किंवा रुग्णालयापासून पायी पंधरा मिनिटांच्या आतली जागा धरा. रात्री दहा वाजता तिथून चालत या आणि दिवे लागतात का ते बघा, कारण दुसऱ्या पाळीची नर्स त्याच रस्त्याने घरी जाणार आहे. कापसाच्या पट्ट्यात जिनिंगच्या वाऱ्याखालची आणि भंडारा-गोंदियाकडे राइस मिलच्या लगतची घरं टाळा. हंगामात रुई किंवा कोंडा घरभर उडतो आणि भाडेकरू टिकत नाही.

माती

सगळ्यांत जास्त पैसा इथेच बुडतो. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पाडते. पाया त्या मातीतच अडकलेला असेल, तर घर दरवर्षी थोडं वर जातं आणि थोडं खाली येतं. त्यावर कितीही भारी प्लास्टर केलं तरी दोन पावसाळ्यांत तडा परत उघडतो.

तडा ओळखायला शिका. प्लास्टरवरच्या केसासारख्या, जाळीदार रेषा निरुपद्रवी असतात. दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपा निघालेला, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद असा तडा पायाच्या हालचालीचा असतो. मे महिन्यात त्यात बोट जात असेल आणि पोळ्याच्या सुमारास तो मिटलेला दिसत असेल, तर दोष काळ्या मातीचा आहे. घरमालक तयार असेल तर मेमध्ये तड्यावर आडवी, तीन इंच लांब काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, शेजारी तारीख लिहा आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा बघा. पट्टी तुटली किंवा सुटली असेल तर भिंत हलते आहे. सौदा उन्हाळ्यात ठरत असेल तरी एक पावसाळा थांबायची तयारी ठेवा. पंधरा-वीस वर्षांच्या गुंतवणुकीत चार महिने जास्त नाहीत.

दुसरी तपासणी खड्ड्याची. बाहेरच्या भिंतीला लागून दोन फूट बाय दोन फूट खड्डा पायाच्या तळापर्यंत खणा आणि त्याच दिवशी मुरूम टाकून धुम्मसने (माती ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोकून बुजवा. पाया मुरमावर टेकला असेल तर उत्तम. पायाखाली अजून काळीच माती असेल आणि पाच-सहा फुटांवरही मुरूम लागत नसेल, तर त्या घरावर पैसे घालू नका. काळ्या वावरात पाडलेल्या नव्या लेआउटमधल्या घरांत हे वारंवार दिसतं. जुन्या गावठाणाची पांढरी, म्हणजे वस्तीखालची पांढरट माती, बहुधा उंचवट्यावर असते, ती फुगत नाही आणि तिथल्या घराला बसायचं तेवढं बसून झालेलं असतं. गल्ली अरुंद असली तरी आमचा कौल पांढरीला. फक्त तिथे भर मोकळी असते, म्हणून जुन्या भिंतींवर वरचा मजला चढवू नका.

माती मध्यम वाईट असेल तर थोडं सावरता येतं. घराभोवती तीन-चार फूट रुंद काँक्रीटची पट्टी करा आणि तिचा उतार भिंतीपासून बाहेर ठेवा. पन्हाळीचं आणि न्हाणीचं पाणी नालीपर्यंत पाइपने न्या. भिंतीपासून जवळ सुबाभूळ, पिंपळ, कडुनिंब असेल तर झाडाच्या उंचीइतकं अंतर आहे का बघा, मुळं उन्हाळ्यात पायाखालचा ओलावा ओढून घेतात.

पाणी

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूरचा भाग, वेगळा हिशेब मागतो. तिथे भिंतीला जमिनीपासून दोन-तीन फूट लोणा चढतो, प्लास्टर फुगतं, पांढरी पूड गळते. त्यावर रंग मारून विकायला ठेवलेलं घर ओळखायचं तर ओल्या कपड्याने भिंतीचा खालचा भाग पुसा आणि दोन दिवसांनी परत येऊन पूड पुन्हा उमटली का बघा. बोअरचं पाणी बाटलीत घेऊन तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोय नसेल तर 2000 ही शेवटची मर्यादा. लोखंड घातलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड 500 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. खाऱ्या पाण्यात कालवलेल्या स्लॅबची सळई आतून गंजते आणि काही वर्षांत खालची खपली पडायला लागते, म्हणून दुरुस्तीच्या कामालाही टँकरचं गोडं पाणी धरा. यवतमाळ आणि चंद्रपूरकडे काही भागांत फ्लोराइडची अडचण आहे. तिथे 1.5 मिलिग्रॅमच्या वर आकडा आला तर त्या बोअरवर भाडेकरू ठेवू नका, लहान मुलं ते पाणी पिणार असतात.

नळ किती दिवसांनी येतो ते नगरपंचायतीत नको, शेजारच्या बाईला विचारा, आणि एप्रिल-मेचं विचारा. चार माणसं, माणशी 100 लिटर आणि आठ दिवसांआड नळ, म्हणजे 3,200 लिटर साठवण. एवढी टाकी कुठे बसणार, तिचं वजन कोण पेलणार हे आधी ठरवा. मातीच्या भिंतीवर हजार लिटरची टाकी ठेवायची नसते. उन्हाळ्यात कूलरचं पाणी वेगळं लागतं. शोषखड्डा काळ्या मातीत चालत नाही, पाणी जिरतच नाही. वस्तीत नाली नसेल तर सांडपाण्यावरून शेजाऱ्याशी रोजचं भांडण ठरलेलं.

पूर, तलाव, खाणी

वैनगंगेला ऑगस्ट 2020 मध्ये मोठा पूर आला आणि जुलै 2022 मध्ये चंद्रपूर-वर्धा भागात पाणी चढलं. त्या दोन्ही वेळी पाणी कुठल्या खांबापर्यंत, कुठल्या ओट्यापर्यंत आलं होतं, ते वस्तीत सगळ्यांना पाठ असतं. तीन वेगवेगळ्या घरी विचारा. पूररेषेचा नकाशा असेल तर निळ्या रेषेच्या आतलं घर सोडा, ती 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची असते. लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीखालची आणि सांडव्याच्या वाटेवरची घरं बारमाही ओल धरतात.

कोळसा पट्ट्यात घराखाली जुनी भूमिगत खाण होती का, ते खाण कंपनीच्या स्थानिक कार्यालयात नकाशावर बघून घ्या. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर असंच जमिनीत गेलं. कोणत्याही तड्याची काच तुम्हाला हे आधी सांगणार नाही.

कागद

ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. गावोगावचे अर्धे सौदे मात्र त्यावरच होतात. भूमी अभिलेख कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावठाणांत ती आता मिळते. जागा लेआउटमधली असेल तर सातबारा, अकृषक आदेश आणि मंजूर नकाशा, तिन्ही जुळले पाहिजेत. दुय्यम निबंधकाकडे 30 वर्षांच्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध घ्या.

पत्रिकेवर ‘नझूल’ दिसलं तर जागा सरकारची असते आणि घरमालकाकडे भाडेपट्टा असतो. पट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि हस्तांतराची परवानगी तपासल्याशिवाय इसार देऊ नका. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारने अटींवर दिलेल्या जमिनीच्या विक्रीलाही परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीने घेण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ चं बंधन आहे. मेळघाट, गडचिरोली, केळापूर भागात ‘स्टॅम्पवर लिहून देतो’ म्हणणाऱ्याचा सौदा करूच नका. तो बेकायदा आहे आणि एका कुटुंबाची जमीन त्यात जाते. पूर्व विदर्भात जुन्या नोंदींत ‘झुडपी जंगल’ आहे का तेही बघा. 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमीन म्हणूनच धरल्या आहेत.

वाड्याचे वाटेकरी मोजताना बहिणींना विसरू नका. मुलींना वडिलार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क आहे, त्यामुळे लग्न होऊन गेलेल्या प्रत्येकीची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. महावितरणची थकबाकी आणि घरपट्टीची मागील बाकी विक्रेत्याकडूनच भरून घ्या.

मग घर

एवढं जमल्यावर घराची पाहणी एका दिवसात होते. मातीच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती कोरड्या असतील तर पाडू नका. 46 अंशांच्या उन्हात त्याच घर थंड ठेवतात. त्यांना सिमेंटचं प्लास्टर करू नका, आतली ओल अडकून भिंत मागून पोखरते. माती आणि कुटाराचा (भुशाचा) गिलावा किंवा चुन्याचं प्लास्टर करा. आढे आणि फाटे (छताची लाकडं) टोकदार सळईने टोचून उधई बघा, विशेषतः लाकूड भिंतीत घुसतं तिथे. कवेलू (कौलं) दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी फेरावे लागतात, आणि फेरणारा मजूर गावात उरला आहे का हे आधी विचारा. वानरांचा त्रास असेल तर कवेलू टिकत नाहीत. टिन टाकलंच तर खाली छत केल्याशिवाय टाकू नका, दुपारी त्या खोलीत कोणी थांबणार नाही. दर्शनी ओटा रस्त्याच्या हद्दीत येतो का ते मोजून घ्या, रुंदीकरणात पहिला तोच जातो.

इसारचिठ्ठीत तीन अटी लिहून घ्या: भूमी अभिलेखची मोजणी होऊन चतुःसीमा जुळल्यावरच खरेदीखत, सर्व वारसांच्या सह्या, आणि यातलं काही न जमल्यास इसार परत करण्याची तारीख. रक्कम चेकने द्या, आणि मोजणीच्या दिवशी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना हजर ठेवा.